पीएच.डी. करायचीय? आधी एक फाईल करा

गेल्या पावसाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. भिजू नयेत म्हणून पिशवीला दोन गाठी मारलेल्या. "काकू, माझी पीएच.डी.ची सहा वर्षं कधी संपतात ते बघून सांगा ना." मी विचारलं, तुझी प्रवेशाची तारीख कोणती? तर पिशवीतून चार तारखा निघाल्या: मुलाखतीची, फी भरल्याच्या पावतीवरची, प्रवेशपत्रावरची आणि विषय मंजूर झाल्याच्या पत्रावरची. ती बिचारी शेवटच्या तारखेपासून मोजत होती. तिच्या हिशेबाने हातात सव्वा वर्ष होतं, प्रत्यक्षात उरले होते चार महिने.

एका विद्यापीठाच्या कार्यालयात पीएच.डी.चं टेबल मी सव्वीस वर्षं सांभाळलं. प्रबंधाच्या आत काय लिहिलंय ते मला कळत नसे, अजूनही कळत नाही. पण घोडं कुठे पेंड खातं ते मला कळतं. आणि ते बहुतेक वेळा संशोधनात अडत नाही, तारखांत आणि सह्यांत अडतं. म्हणून बडोद्यातल्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. सरकारी विद्यापीठ कुठलंही असो, मूळ चौकट यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीची आहे. विद्यापीठ तिच्या आत राहून आपले नियम करतं. तेव्हा इथलं वाचून झालं की आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका उतरवून घ्या आणि पेन्सिल घेऊन वाचा.

फाईल कशी करायची

बाजारातून दोन भोकांची एक जाड फाईल आणा. पहिल्या पानावर फक्त चार ओळी: प्रवेशाची तारीख, नोंदणी क्रमांक, मार्गदर्शकाचं नाव, विषयाचं शीर्षक. प्रबंध द्यायची मुदत सहा वर्षांची, आणि ती प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषय मंजूर झाल्यापासून नाही. ही तारीख कुठल्या कागदावरची धरायची ते पहिल्या आठवड्यातच कार्यालयात जाऊन विचारा आणि त्या पत्राची झेरॉक्स फाईलमध्ये लावा.

कार्यालयात द्याल त्या प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा. एक तिथे द्यायची, दुसरीवर आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. एवढंच. "साहेब मिटिंगमां छे, टेबल पर मूकी दो" असं पटावाळ्याने सांगितलं की मुलं अर्ज टेबलावर ठेवून कमाटीबागेत फिरायला जातात. टेबलावर ठेवलेल्या अर्जाला जन्मतारीख नसते. तो हरवला तर तुम्ही तो दिलाच नव्हता असं होतं, आणि त्यात कारकुनाचीही चूक काढता येत नाही. ऑनलाईन अर्ज असेल तर पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवून भागत नाही, छापून लावा. सहा वर्षांत फोन दोनदा बदलतो.

आता नाव. बडोद्यातल्या मराठी घरांना हा त्रास खास आहे. माझ्या भाचीच्या शाळेने तिच्या वडिलांना 'विनायकभाई' करून टाकलं होतं आणि तिच्या नावाला 'बेन' जोडलं होतं. आधार कार्डावर भाई-बेन नाही. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, एम.ए.च्या गुणपत्रिकेवर शेवटी. त्यात तिचं लग्न झालं आणि बँकेच्या खात्यावर सासरचं नाव चढलं. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यावरच्या नावाशी जुळेना म्हणून परत गेला, तेव्हा ती माझ्यासमोर बसून रडली. त्यानंतर मी सगळ्यांना एकच सांगते: एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या अंतिम गुणपत्रिकेवर जे नाव जसं छापलंय, त्याच अक्षरांत आणि त्याच क्रमाने पीएच.डी.चा प्रत्येक फॉर्म भरा. लग्नानंतर नाव बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून, सगळीकडे एकदमच बदला. अर्धं माहेरचं, अर्धं सासरचं असं चालत नाही. तोपर्यंत नुसतं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी चालून जातं, पण प्रत्येक खिडकीवर तेच पुन्हा दाखवत बसावं लागतं.

दारातून आत

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असेल तर ५५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी करून थेट यायचं असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. ५४.८ म्हणजे ५५च की, असा हिशेब करू नका. नेटच्या, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, माहितीपत्रकात तर टक्के पूर्णांकात वाढवून धरू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत. पहिल्यात जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती), दुसऱ्यात सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेश, तिसऱ्यात फक्त पीएच.डी. प्रवेश. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकी दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. यातली मेख अशी की या दोन गटांचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकाल लागला आणि "आधी जरा बी.एड. करून घेते" म्हणालात, तर पुढच्या वर्षी परत परीक्षा. जेआरएफला वयाची मर्यादा आहे, खुल्या गटाला ३० वर्षं. नुसत्या पीएच.डी. प्रवेशाला ती नाही. चाळिशीतल्या शिक्षिकाही नेट देऊन येतात, आणि माझ्या अनुभवात त्याच सगळ्यात वेळेवर प्रबंध देतात.

विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल तर तिच्यात निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीचे, निम्मे विषयाचे. मुलं विषय घोकतात आणि संशोधनपद्धतीत गटांगळ्या खातात. नमुना निवड, गृहीतक, चल, संदर्भ देण्याच्या पद्धती एवढं तरी नीट करून जा.

नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याचे नमुने दोन: नेटला केंद्राचा, राज्याच्या विद्यापीठाला गुजरातचा. दोन्ही आधीच काढून ठेवा. दुसऱ्या विद्यापीठातून, समजा पुण्याहून, येत असाल तर मायग्रेशनचा दाखला आणि इथला पात्रतेचा दाखला. पुण्याचा कागद यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेश पक्का व्हायची वाट न पाहता अर्ज टाका.

मार्गदर्शक

लग्न जुळवताना आपण पत्रिका बघतो, घराणं बघतो, मुलाचा पगार विचारतो. इथे मात्र मुलं "सर खूप चांगले आहेत" एवढ्यावर सहा वर्षं बांधून घेतात. सर चांगले असतीलही. पण आधी दोन आकडे बघा.

पहिला, जागा. नियमाप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. आठांतला एखादा प्रबंध देईपर्यंत नवव्याला दारात उभं राहावं लागतं, सरांनी तोंडी कितीही होकार दिला तरी. दुसरा, निवृत्ती. ज्यांच्या सेवेची तीन वर्षंही उरलेली नाहीत त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी ते निवृत्तीनंतर वयाच्या सत्तरीपर्यंत सह-मार्गदर्शक राहू शकतात, पण मुख्य मार्गदर्शक दुसरा शोधावा लागतो. "सर, तुम्ही कधी निवृत्त होणार?" हे तोंडावर कसं विचारायचं? विचारू नका. विभागाच्या कार्यालयातल्या बेनना विचारा, त्यांना तारीख तोंडपाठ असते, निरोप समारंभ त्यांनाच करायचा असतो.

भेटायला जाताना पेढे नेऊ नका, दोन पानं न्या. काय शोधायचंय, त्यावर आजवर कोणी काय लिहिलंय, तुमचं साधन कुठे मिळणार, आणि ते साधन वाचायची तुमची तयारी आहे का. हे शेवटचं महत्त्वाचं. बडोदा संस्थानच्या जुन्या कारभारावर काम करायचं म्हणता आणि मोडी येत नाही, तर पहिलं वर्ष मोडी शिकण्यात जाणार. ते आधी मान्य करा आणि वेळापत्रकात लिहा. आपल्या गावात या विषयांना तोटा नाही. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज, १९१० पासूनची सेंट्रल लायब्ररी, १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ होणं, हंसाबेन मेहतांसारख्या पहिल्या कुलगुरू. पण साधन डोळ्यांनी बघितल्याशिवाय विषय नोंदवू नका. आठवडाभर हंसा मेहता लायब्ररीत बसा, कपाटं उघडून बघा, मग ठरवा.

नोकरी करत असाल तर

अर्धवेळ पीएच.डी.ला नियमाने परवानगी आहे. संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी लागतात: उमेदवाराला अर्धवेळ पीएच.डी. करायला परवानगी आहे, कामाचं स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ देतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, त्याला मोकळं केलं जाईल. मुख्याध्यापक बहुधा "आमची हरकत नाही" एवढं लिहून सही ठोकतात. असं पत्र परत येतं. मजकूर तुम्हीच तयार करून न्या.

कोर्सवर्क

कमीत कमी १२ क्रेडिट, ५५ टक्के गुण. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा. वर्गात जा, सह्या करा, पास व्हा. निकालाची प्रत फाईलमध्ये लावा, कारण प्रबंध देताना ती हटकून मागतात आणि तोवर चार वर्षं उलटलेली असतात.

दर सहा महिन्यांची हजेरी

सगळ्यात जास्त फाईली मी इथे अडलेल्या पाहिल्या, म्हणून जरा थांबते.

तुमच्यासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते, बोलताना सगळे आरएसी म्हणतात. दर सत्रात तिच्यासमोर उभं राहून काम सांगायचं आणि थोडक्यात लेखी अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर समिती कारण लिहून सुधारणा सुचवते, आणि त्याही पाळल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. म्हणजे सहा वर्षांत बारा बैठका. कुणाच्या फाईलमध्ये बाराही अहवाल असतात? हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्यांच्या. बाकीचे शेवटच्या वर्षी जुन्या तारखांच्या सह्या गोळा करत फिरतात, तोवर एक सर बदलून गेलेले, एक परदेशी, एक निवृत्त. जुन्या तारखेवर सही मागणं चूक आहे आणि देणंही.

अहवाल कसा लिहितात त्याचा एक नमुना देते. नाव कुणाचंच नाही, पण असे शेकडो वाचलेत:

"वाचन चालू आहे. साहित्याचा आढावा घेतला. मार्गदर्शकांशी चर्चा केली. पुढील सत्रात तथ्यसंकलन करण्यात येईल."

आता हेच काम असं लिहिलं तर बघा:

"दफ्तरातले ४० रुमाल (कागदांचे गठ्ठे) पाहिले, त्यातले २६ विषयाला उपयोगी. ११ कागदांचं लिप्यंतर पूर्ण. दुसऱ्या प्रकरणाची २२ पानं मार्गदर्शकांना १४ तारखेला दिली. अडचण: ३ रुमाल वाळवी लागल्याने पाहायला मिळाले नाहीत, पर्यायी साधन शोधत आहे. पुढील सत्रात: उरलेलं लिप्यंतर, तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा."

दुसऱ्या अहवालावर समितीला बोलण्यासारखं काही सापडतं. अडचण लिहायला मुलं घाबरतात. पण पुढे मुदतवाढ मागायची वेळ आली तर वाळवीची ती एक ओळ तुमची साक्षीदार होते. ज्या अडचणीची कुठल्याच अहवालात नोंद नाही, ती शेवटच्या वर्षी सांगितली की बहाणा वाटतो.

बैठकीच्या दिवशी सह्यांचा कागद सोबत छापून न्या, सगळे उठायच्या आत सह्या घ्या. आठवड्याभरात इतिवृत्ताची प्रत मागा. समितीने काही प्रतिकूल लिहिलं असेल तर रुसू नका; पुढच्या अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात "मागील सूचनांवर केलेली कार्यवाही" असं लिहून एकेक सूचना निकालात काढा.

पैसे

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर एसआरएफ, म्हणजे त्याची वरची पायरी, झालं की ४२,०००. एकूण पाच वर्षं. दर महिन्याला विद्यापीठाकडून पोर्टलवर खात्री झाली तरच हप्ता येतो, तेव्हा महिन्याच्या सुरुवातीलाच हजेरीचा कागद सही करून पोचवा. जेआरएफ नसेल तर गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे: पूर्णवेळ विद्यार्थ्याला महिना १५,००० आणि इतर खर्चासाठी वर्षाला २०,०००, दोन वर्षं. जाहिरात येते आणि मुदत संपते ते कळतही नाही, म्हणून आपल्या विभागातल्या जुन्या लाभार्थ्याला धरून ठेवा. शिष्यवृत्ती सहा वर्षांच्या आत संपते, प्रबंध मात्र संपलेला नसतो. त्या मधल्या काळाची तजवीज घरात आधीच बोलून ठेवा.

मुलींसाठी

बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. रजेचा अर्ज आधी द्या, बारशाचं आमंत्रण द्यायला कार्यालयात याल तेव्हा नाही. सहा वर्षांनंतर फेरनोंदणी करून दोन वर्षं मिळू शकतात, म्हणजे आठ. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो आणि तो मुदत संपायच्या आधी.

आणखी एक कलम फारसं कुणाला माहीत नसतं. लग्नामुळे किंवा दुसऱ्या कारणाने मुलगी गाव सोडून गेली तर तिला आपलं संशोधन नव्या ठिकाणच्या विद्यापीठात नेता येतं. अट अशी की बाकी नियम पाळलेले हवेत, काम कुठल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या मार्गदर्शकांचं श्रेय राखलं जावं. बडोद्याची मुलगी पुण्याला दिली की पीएच.डी. सुटली, असं गृहीत धरणाऱ्या आयांना मी हे कलम वाचून दाखवलं आहे.

उलटं मोजा

समजा प्रवेश १ ऑगस्ट २०२५ चा आहे. सहा वर्षं ३१ जुलै २०३१ ला संपतील. कॅलेंडरवर उलटं चला. एप्रिल २०३१ पर्यंत प्रबंध-पूर्व सादरीकरण. मार्चमध्ये साम्य तपासणी, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर किती उतरलाय ते बघणं. जानेवारीत सगळी प्रकरणं मार्गदर्शकांकडे. त्यांना दोन महिने द्या, त्यांच्याकडे तुमच्यासारखे आणखी सात आहेत. म्हणजे पूर्ण कच्चा प्रबंध डिसेंबर २०३० ला तयार हवा. हातात सहा वर्षं वाटतात, लिहायला मिळतात पाच वर्षं चार महिने. तीन वर्षांच्या आत मात्र प्रबंध देता येत नाही, हुशार असलात तरी.

टंकलेखन आणि साम्य

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनो, पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये टाईप करा. टायपिस्टकडे जुना श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँट असतो. कागदावर अक्षर सुंदर उमटतं, पण संगणकाच्या पोटात ते निरर्थक रोमन अक्षरांचं गाठोडं असतं. साम्य तपासणारी प्रणाली ते वाचू शकत नाही, आणि पुढे शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहात, गेल्यावर तुमचं एक वाक्यही कुणाला शोधून सापडत नाही. साडेतीनशे पानांचं फाँट-परिवर्तन करताना जोडाक्षरं कशी तुटतात ते मी पाहिलं आहे. रफार कुठल्या कुठे जातात.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, ४० ते ६० मध्ये वर्षभर प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे त्यातून वगळतात. म्हणून अवतरणचिन्हं नीट घाला. आकडा खाली आणायला वाक्यात "व"च्या जागी "आणि" करत बसणारे भेटतात. त्यापेक्षा ते पान पुन्हा लिहिणं लवकर होतं.

शीर्षकाचंही एक सांगते. मंजूर पत्रावर 'बडोदा' असेल आणि मुखपृष्ठावर 'वडोदरा' छापलंत, तर प्रबंध खिडकीवरून परत. अक्षरन् अक्षर जुळवा. शीर्षक बदलायचंच असेल तर समितीसमोर, वेळेत, लेखी.

प्रबंध दिल्यानंतर

मार्गदर्शक आणि विद्यापीठाबाहेरचे किमान दोन परीक्षक प्रबंध वाचतात. दोन्ही बाहेरच्यांनी नाकारला तर प्रबंध नामंजूर. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे जातो. अनुकूल अहवाल आले की मौखिक परीक्षा, तिलाच सगळे व्हायव्हा म्हणतात. ती खुली असते, आईवडिलांनाही बसता येतं. प्रबंध दिल्यापासून हे सगळं सहा महिन्यांत पुरं व्हावं असा नियम आहे. तीन महिने झाले की विनयाने, लेखी, आवक क्रमांक घेऊन विचारणा करा. परीक्षकाला स्वतः फोन करू नका, कुणी नंबर दिला तरी.

व्हायव्हा झाली की घरी हार-तुरे होतात, फोटो लागतात. त्याच आठवड्यात परत कार्यालयात या. प्रबंधाची डिजिटल प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे शोधगंगेवर जायची असते. पदवीदान समारंभाला अवकाश असेल तर पदवी २०२२ च्या नियमांप्रमाणे दिल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घ्या, नोकरीच्या मुलाखतीत पहिलं तेच विचारतात. त्याच्या मजकुरात नियमावलीचा उल्लेख आहे का आणि तुमचं नाव एम.ए.च्या गुणपत्रिकेशी जुळतं का, हे खिडकीसमोर उभं राहूनच वाचा. माझ्या भाचीच्या प्रमाणपत्रावर 'बेन' परत आलं होतं. सुदैवाने ती तिथेच उभी होती.